झाडाखालची बिअर : वाचकांचे प्रश्न

या महिन्यातल्या पत्रांचा विषय जवळपास एकच आहे: बागेत, झाडाखाली बसून प्यायची बिअर. पत्रं म्युनिकहून आली आहेत, पुण्याहून आली आहेत, थेट अमेरिकेतूनही आली आहेत. आत बसून घेतलेली जी बिअर शेवटच्या घोटापर्यंत चांगली लागते, तीच उघड्यावर पंधरा-वीस मिनिटांत वेगळी का लागते, हा बहुतेकांचा मूळ प्रश्न. जागेअभावी पत्रं थोडी आटोपती घेतली आहेत.

जूनमध्ये आई-बाबा, भाऊ आणि वहिनी पुण्याहून म्युनिकला येणार आहेत. त्यांना इंग्लिशर गार्टन या मोठ्या उद्यानातल्या चिनी मनोऱ्याच्या बिअर गार्डनमध्ये न्यायचं आहे. आई-बाबा बिअर घेत नाहीत, शिवाय पूर्ण शाकाहारी. घरून डबा नेला तर कुणी हटकेल का? आणि भावाला एक लिटरचा मग झेपेल का?
— अ. दे., म्युनिक

डबा अवश्य न्या. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, तो पाहुण्याचा हक्क आहे. ४ जानेवारी १८१२ रोजी राजा पहिला मॅक्सिमिलियन जोसेफ याने ब्रुअरीवाल्यांना आपापल्या तळघरांपाशी बिअर विकायची मुभा दिली, पण खायला पावापलीकडे काही द्यायचं नाही अशी अट घातली, कारण शहरातल्या खानावळवाल्यांच्या तक्रारी होत्या. मग लोक शिदोरी घरून आणायला लागले. पुढे जेवण विकायची परवानगी मिळाली तरी शिदोरीची पद्धत राहिलीच. १९९९ च्या बव्हेरियन बिअर गार्डन नियमावलीत तर बिअर गार्डन कशाला म्हणायचं त्याच्या दोन खुणा दिल्या आहेत: जागा बागेसारखी हवी आणि घरचं खाणं आणून खाता आलं पाहिजे.

फक्त टेबल नीट निवडा. ज्या टेबलावर कापड अंथरलंय तिथे वेटर येतो आणि तिथे डबा उघडायचा नसतो. उघडी लाकडी बाकं आणि टेबलं स्वतः वाढून घेणाऱ्यांसाठी असतात, तिथे खुशाल बसा. डबा कसलाही चालतो, प्यायचं मात्र काहीही बाहेरून आणायचं नाही. पाण्याची बाटली लहान मुलासाठी असेल तर कुणी काही म्हणत नाही, पण बाहेरची बिअर किंवा सरबत टेबलावर ठेवलंत तर उठवतील, आणि ते योग्यच आहे.

इथे सुमारे ७,००० माणसं बसतात. अर्धं रिकामं टेबल दिसलं की तिथल्या लोकांना ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’ (इथे जागा आहे का?) एवढं विचारायचं आणि बसायचं. अनोळखी लोकांशेजारी बसणं इथे रीतीचंच आहे. टेबलावर ‘श्टामटिश’ अशी पाटी असेल तर ते नेहमीच्या मंडळींचं, ते सोडा. एकाने जागा धरावी, बाकीच्यांनी ट्रे घेऊन रांगेत जावं. बिअरच्या पैशांबरोबर मगाची अनामत घेतात. कुठे टोकन देतात, ते खिशात जपून ठेवा, कारण मग आणि टोकन दोन्ही दिल्यावरच पैसे परत मिळतात.

आई-बाबांसाठी आप्फेलशोर्ले घ्या: सफरचंदाचा रस आणि सोड्याचं पाणी, गोडीला बेताचं. बिनअल्कोहोलची गव्हाची बिअरही मिळते. खाण्यात ब्रेत्सेल (गाठीच्या आकाराचा खारा पाव), ओबात्सदा (मऊ चीज, लोणी, कांदा आणि पापरिका एकत्र मळून केलेलं) आणि राडी मिळतील. राडी म्हणजे आपला पांढरा मुळाच. तो मळसूत्रासारखा सलग कापून मीठ लावून ठेवतात. पाच-दहा मिनिटांत त्याला पाणी सुटतं, तिखटपणा उतरतो आणि बिअरबरोबर तो फार छान लागतो. आईंना तो लगेच ओळखीचा वाटेल. बटाट्याच्या कापांपासून ब्रेडपर्यंत काहीही घेताना चरबी कसली वापरली आहे ते मात्र विचारा, कारण पावाला लावायचं श्माल्त्स हे डुकराच्या किंवा बदकाच्या चरबीचं असतं. घरून न्यायचं तर थालीपीठ, सुकी चटणी आणि काकडी न्या. पातळ भाजी नको, तिथे वारा असतो.

आता लिटरचा मग. तिथे हॉफब्रॉयची बिअर मिळते, साधारण ५.१ टक्के अल्कोहोलची. म्हणजे एका मगात ५१ मिलि शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या ६० मिलिच्या लार्ज पेगमध्ये (४२.८ टक्के) साधारण २५.७ मिलि असतं. तेव्हा एक मग म्हणजे दोन लार्ज. हा हिशोब भावाला आधीच सांगा, कारण ही बिअर इतकी सहज उतरते की तो लक्षात येत नाही. झेपेल अशी खात्री नसेल तर राडलर मागा, त्यात निम्मी बिअर आणि निम्मं लिंबाचं गोड सोडावॉटर असतं. गव्हाची बिअर अर्ध्या लिटरच्या उंच ग्लासात येते, तोही उत्तम मार्ग.

मगाचा कान धरायचा, काच तळहातात धरायची नाही, हाताच्या उबेने बिअर कोमट होते. ‘प्रोस्ट’ म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतात आणि मगाचा जाड तळाकडचा भाग आपटतात, वरची कड नाही.

शनिवारी-रविवारी मनोऱ्याच्या पहिल्या मजल्यावरून पितळी वाद्यांचा बँड वाजतो, तेव्हा गर्दी खूप असते. आई-बाबा बरोबर असतील तर कामाच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास जा. ५४ नंबरची बस मनोऱ्यापाशीच थांबते. मनोरा १७९० चा, २५ मीटर उंच, सगळा लाकडी. १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात तो जळाला आणि १९५२ मध्ये जसाच्या तसा पुन्हा बांधला, हे बाबांना सांगायला विसरू नका. गाडी न्यायची असेल तर चालवणाऱ्याने बिअर घेऊच नये. जर्मनीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा दर हजारी ०.५ आहे आणि २१ वर्षांखालच्या चालकाला शून्य.

पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीच्या मोकळ्या अंगणात आम्ही रविवारी दुपारी बसतो. आयपीएचा (भरपूर हॉप्सची कडवट बिअर) पहिला घोट अप्रतिम असतो. निम्मा ग्लास होईपर्यंत मात्र जळक्या रबरासारखा वास यायला लागतो. वेटर म्हणतो, बिअर आजच लावलेल्या केगमधली, म्हणजे पिंपातली आहे. मग बिघडतं काय?
— स. जो., पुणे

वेटर खरं सांगतो आहे. तुमची बिअर तुमच्या टेबलावर, तुमच्या डोळ्यांदेखत बिघडते, आणि ती बिघडवतं ऊन.

बिअरचा कडूपणा हॉप्समधून, म्हणजे एका वेलीच्या फुलांमधून येतो. उकळताना हॉप्समधली आम्लं बदलून आयसोह्युम्युलोन नावाची संयुगं तयार होतात. बिअरमध्ये माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि यीस्टमधून आलेलं थोडं रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वही असतं. उजेडातला अतिनील आणि निळा भाग हे रायबोफ्लेविन शोषून घेतं आणि ती ऊर्जा आयसोह्युम्युलोनच्या रेणूवर उतरवते. रेणूचा एक तुकडा सुटतो, तो बिअरमधल्या गंधकाच्या संयुगांशी जोडला जातो आणि एक थायॉल, म्हणजे गंधक असलेलं उग्र वासाचं संयुग, तयार होतो. अमेरिकेत स्कंक नावाचा प्राणी जो फवारा मारतो त्यातल्या द्रव्यांचा हा जवळचा नातलग. लिटरमागे ग्रॅमचे काही अब्जांश एवढा असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. म्हणून थोडंसं ऊनही पुरतं. दुपारच्या थेट उन्हात पारदर्शक ग्लासातली फिकट, हॉप्सवाली बिअर काही मिनिटांत बदललेली कळते.

खात्री करून घ्यायची असेल तर पुढच्या वेळी एकाच नळाचे दोन छोटे ग्लास मागवा. एकाला बाहेरून तळापासून कडेपर्यंत ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळा आणि वरून कोस्टर झाका. दोन्ही दहा मिनिटं उन्हात ठेवा. मग डोळे मिटून दुसऱ्याला ग्लास नाकाशी धरायला सांगा. फरक कळायला तज्ज्ञ असावं लागत नाही.

उपाय साधे आहेत. टेबल निवडताना माणसांच्या आधी ग्लास सावलीत येतोय का ते पाहा, आणि दुपारी सावली सरकते हे लक्षात ठेवून पूर्वेला सावली पडणारी बाजू धरा. छत्री जाड कापडाची हवी. पातळ पांढऱ्या छत्रीतून बराच उजेड झिरपतो. झाडाच्या सावलीतही आकाशाचा निळा उजेड येतो, त्यामुळे बिअर कायम टिकत नाही, पण अर्धा तास निश्चिंत मिळतो. मालकांशी ओळख असेल तर बाहेरच्या टेबलांसाठी स्टीलचे किंवा चिनी मातीचे मग ठेवायला सुचवा. म्युनिकमध्ये पूर्वी राखी दगडी मातीचेच मग होते. आतली बिअर दिसत नाही ही त्यांची एकच अडचण, आणि पूर्ण भरला का ते कळत नाही म्हणून काचेचे मग आले.

बाटली घेत असाल तर तपकिरी घ्या. तपकिरी काच हा घातक उजेड बहुतेक अडवते, हिरवी फारच थोडा अडवते, पांढरी जवळजवळ नाहीच. कॅन सर्वांत सुरक्षित. काही कंपन्या पांढऱ्या बाटलीसाठी हॉप्सचा प्रक्रिया केलेला अर्क वापरतात, त्यातून हा थायॉल तयार होत नाही. पण ताज्या क्राफ्ट बिअरमध्ये साधे हॉप्स असतात, तिथे ही सोय नाही. स्टाउट आणि पोर्टर त्यांच्या काळ्या रंगामुळे जरा तग धरतात. उन्हात बसायचंच असेल तर त्या मागवा.

एक गोष्ट तपासा: वास *पहिल्याच* घोटाला असेल तर दोष उन्हाचा नाही. वितळलेल्या लोण्यासारखा वास असेल तर आंबवण पूर्ण झालेलं नाही किंवा नळाची पाइप घाण आहे. व्हिनेगरसारखा आंबूस असेल तर नळाच्या तोंडाशी जंतू बसले आहेत. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव म्हणजे हवा लागून शिळी झालेली बिअर. असा ग्लास परत द्या आणि कारणही सांगा. चांगल्या ब्रुअरीला हे ऐकायचं असतं.

म्युनिकच्या जुन्या बागांत सगळीकडे चेस्टनटचीच झाडं का?
— मी. कु., नाशिक

बिअरसाठी. म्युनिकची बिअर थंडीत, साधारण ८ ते १२ अंशांत आंबणाऱ्या यीस्टची. सोळाव्या शतकातल्या आदेशाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायला बंदी होती: उन्हाळ्यात आंबवण बिघडायचं आणि भट्ट्यांमुळे आगी लागायच्या. त्यामुळे मार्चमध्ये बनवलेली बिअर सप्टेंबरपर्यंत टिकवावी लागे. त्यासाठी इझार नदीच्या उंच काठावर तळघरं खोदली, त्यांत हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून भरला. वरची जमीन तापू नये म्हणून घोडचेस्टनट लावले. त्याची पानं रुंद, सावली गच्च, आणि मुळं वरवर पसरतात म्हणून तळघराच्या कमानी फुटत नाहीत. खाली खडी पसरली. माणसं नंतर त्या सावलीत येऊन बसली.

१८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेने म्युनिकच्याच श्पाटेन ब्रुअरीसाठी बर्फाचं यंत्र तयार केलं आणि तळघरांची गरज संपली. झाडं मात्र राहिली. ती अजून तेच काम करतात, फक्त आता जमिनीखालच्या पिंपाऐवजी तुमच्या हातातल्या मगासाठी.

ठाण्यात मे महिन्यात ग्लास दहा मिनिटांत कोमट होतो. पुण्यात तापमान जास्त असूनही एवढं होत नाही. असं का? ग्लास फ्रीझरमध्ये ठेवून उपयोग होईल का?
— प्र. सा., ठाणे

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. बिअर फक्त गरम हवेने तापत नाही, ग्लासावर जमणाऱ्या पाण्याने जास्त तापते. हवेतली एक ग्रॅम वाफ काचेवर थेंब होते तेव्हा सुमारे २,४०० ज्यूल उष्णता सोडते, आणि त्यातली बहुतेक काचेतून बिअरमध्ये जाते. ३३० मिलिच्या ग्लासाला एवढ्याने पावणेदोन अंश चढतात. टेबलावर ग्लासाखाली जे ओलं वर्तुळ उमटतं ते चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम पाण्याचं असेल, तर तेवढ्यानेच बिअर आठ-नऊ अंशांनी तापली. पुण्यात उन्हाळ्याची हवा कोरडी, काचेवर घाम कमी. ठाण्यात हवा दमट, ग्लास निथळतो.

तेव्हा उपाय घाम थांबवण्याचा. निओप्रिनचं (फोमसारख्या रबराचं) वेष्टण घाला, किंवा दुहेरी भिंतीचा स्टीलचा ग्लास वापरा. फडक्याने ग्लास पुसत राहून काही होत नाही, उष्णता तर आधीच आत गेलेली असते. आणि लहान घ्या: अर्ध्या लिटरऐवजी २५० मिलि दोनदा. पिचर मागवायचा मोह उन्हाळ्यात टाळा, त्यातला शेवटचा ग्लास कुणालाच आवडत नाही.

फ्रीझर नको. गोठलेल्या काचेवर बर्फाचे कण असतात, त्यांवर गॅस सुटून नुसता फेस होतो, आणि वितळल्यावर बिअर पातळ होते. ग्लास थंड पाण्याखाली धुऊन ओलाच वापरा. म्युनिकच्या हिर्शगार्टनमध्ये, जिथे ८,००० माणसं बसतात, गिऱ्हाईक रॅकवरून मग स्वतः उचलतो, थंड पाण्यात खळबळतो आणि ओला मगच नळाखाली देतो. काच थंड होते, धूळ जाते आणि फेस नीट धरतो. बिअरमध्ये बर्फ तर घालूच नका.

उघड्यावर बिअर नळातून तीन-चार अंशांची यायला हवी. गव्हाची बिअर सहा-आठ अंशांवर आणि आयपीए सात-दहा अंशांवर खुलते, पण तिथे ती आपोआप पोचते. हात लावून तिला तिथे न्यायची घाई करू नका.

मिलवॉकीत आम्ही मराठी कुटुंबं जुलैत काउंटी पार्कमध्ये सहल काढतो. ६० माणसं असतात, त्यांत बिअर घेणारे ४०. गेल्या वर्षी जवळच्या ब्रुअरीतून केग आणली, हातपंप लावला आणि संध्याकाळपर्यंत फक्त फेस आला. यंदा नीट करायचं आहे.
— वि. पा., मिलवॉकी

तुमच्या काउंटीच्या पार्कांत एस्टाब्रुकसारखी बिअर गार्डनं २०१२ पासून चालू आहेत, म्हणजे चांगला नमुना शेजारीच आहे. आधी पार्कच्या कार्यालयाकडून शेड आरक्षित करताना केग चालेल का आणि त्याला वेगळी परवानगी लागते का, हे लेखी घ्या.

किती हवी: तीन तासांत माणशी १२ औंसाचे तीन ग्लास धरा, म्हणजे १२०. अमेरिकेतली हाफ बॅरल केग साडेपंधरा गॅलनची, तीत असे १६५ ग्लास बसतात. फेसात आणि नळी भरण्यात दहा टक्के गेले तरी १४८ उरतात. एक पुरते. दोन प्रकार हवे असतील तर प्रत्येकी ५.१६ गॅलनच्या तीन छोट्या केग घ्या. प्रत्येकीत ५५ ग्लास, उचलायलाही सोप्या. भरलेली हाफ बॅरल ७२ किलोची असते, एकट्याने उचलायला जाऊ नका.

फेस का झाला? दोन कारणं, आणि दोन्ही एकत्र आली असणार. पहिलं, केग तापली. तीन अंशांवर बिअरमधला गॅस धरून ठेवायला ११ पीएसआय (दाबाचं एकक) पुरतात, दहा अंशांवर १८ लागतात. केग उन्हात राहिली की गॅस बाहेर पडायला बघतो आणि नळीतच फेस होतो. दुसरं, फेस दिसला की लोक आणखी पंप मारतात. हातपंप केगमध्ये हवा भरतो. हवेतला प्राणवायू बिअर शिळी करतो, म्हणून हातपंप लावलेली केग त्याच दिवशी संपवावी लागते.

यंदा कार्बन डायऑक्साइडची पाच पौंडांची टाकी आणि जॉकी बॉक्स भाड्याने घ्या. जॉकी बॉक्स म्हणजे आइसबॉक्सच, त्यात स्टीलच्या नळीचं वेटोळं असतं आणि बाहेर नळ. बिअर त्या नळीतून जाता जाता थंड होते. वेटोळ्याऐवजी ॲल्युमिनियमची सपाट प्लेट असलेलाही प्रकार मिळतो, आणि बर्फ कसा भरायचा ते दोघांत उलटं आहे. वेटोळं असेल तर बर्फ *आणि* पाणी भरा, नळी पूर्ण बुडाली पाहिजे, कारण बर्फाचे खडे नळीला ठिकठिकाणीच टेकतात. प्लेट असेल तर वितळलेलं पाणी सतत काढून टाका, नाहीतर बर्फ प्लेटवरून तरंगून वर येतो. निम्म्या तक्रारी इथेच उगवतात.

केग आदल्या दिवशी घ्या आणि २४ तास थंड ठेवा. पार्कात पोचल्यावर ती मोठ्या टबात, भोवती २० किलो बर्फ, वरून ओली चादर, आणि सगळं सावलीत. गाडीत हिंदकळलेली केग तासभर तरी हलवू नका. मग:

गॅसची टाकी उभी ठेवा, आडवी नाही, आणि बंद गाडीत कधीच ठेवू नका. अमेरिकन केगला डी प्रकारचा कपलर (केगला नळी जोडायचा भाग) लागतो, आयात बिअरला बहुतेक वेळा एस, तेव्हा ब्रुअरीला आधीच विचारा. नळ बंद ठेवून कपलर बसवा. १५ मीटरचं वेटोळं असेल तर दाब २५ ते ३० पीएसआय, ३६ मीटरचं असेल तर ३० ते ३५. नळ एका झटक्यात *पूर्ण* उघडा. अर्धवट उघडलेला नळ फेसच देतो. पहिला अर्धा लिटर टाकून द्या. ग्लास ४५ अंशांत तिरका धरून निम्मा भरा, मग सरळ करून वर दोन बोटं फेस येऊ द्या.

तरीही फेस आला तर लोक पहिल्यांदा दाब कमी करतात. इथे करायचं नेमकं उलटं. लांब नळीत दाब कमी पडला की बिअर वाटेतच गॅस सोडते. आधी केगभोवतीचा बर्फ तपासा, मग दाब दोन-तीन पीएसआयने *वाढवून* पाहा. घरी परतताना गॅस बंद करायला विसरू नका. ३० पीएसआयवर रात्रभर राहिलेली थंड केग दुसऱ्या दिवशी अति फसफसते.

जॉकी बॉक्स परत देण्याआधी वेटोळ्यातून साधं पाणी, मग बिअर-लाइनचं अल्कलीयुक्त क्लीनर, मग पुन्हा भरपूर पाणी सोडा, आणि शेवटी गॅसने फुंकून कोरडं करा. ओलं राहिलं तर पुढच्या सहलीत व्हिनेगरची बिअर मिळेल.

बागेत बसल्यावर फेस लगेच का बसतो?
— ज. भो., कोल्हापूर

चखण्याचं तेल. चिवडा, भजी, मसाला शेंगदाणे खाऊन ओठ ग्लासाला लागले की तेल फेसावर जातं आणि बुडबुडे फुटतात. लिपस्टिक, लिप बाम हेच करतात. ओठ टिपून घोट घ्या. पहिल्या घोटाआधीच फेस नसेल तर ग्लास तेलकट आहे. ग्लासाच्या आत पाणी फिरवून ओता आणि बारीक मीठ भुरभुरा: स्वच्छ काचेवर मीठ सगळीकडे सारखं चिकटतं, तेलकट जागा उघडी राहते. काचेला आतून ठिकठिकाणी बुडबुडे चिकटून बसलेत, हीही त्याचीच खूण.

आमच्या पेठेतल्या महापालिकेच्या बागेत कॅन उघडला तर चालेल का?
— एक वाचक, पुणे

नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक जागी पिणं गुन्हा आहे, बाग असो वा नदीकाठ. परवाना असलेल्या जागेचं अंगण हाच कायदेशीर मार्ग. बिअरसाठी वय किमान २१ लागतं, शिवाय दारू पिण्याचा परवाना. तो दुकानातही मिळतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ड्राय डे असतो. ज्यांना झाडाखालीच बसायचंय त्यांना पुण्यात पर्याय आहेत. डुलाली या मायक्रोब्रुअरीने २००९ मध्ये इथे सुरुवात केल्यापासून मोकळं आवार असलेल्या मायक्रोब्रुअरी वाढत गेल्या आहेत.

सहा छोट्या ग्लासांचा नमुना-ट्रे कुठल्या क्रमाने प्यावा? आणि ऑगस्टमध्ये गांधीलमाश्या फार येतात, त्यांचं काय करावं?
— रा. गो., फ्रँकफर्ट

फिकट आणि हलकीपासून सुरू करा: लागर, मग गव्हाची, मग पेल एल, मग आयपीए, मग स्टाउट. आंबट बिअर असेल तर गव्हाच्या नंतर. अल्कोहोल सर्वांत जास्त असलेली शेवटी. आयपीए आधी घेतलीत तर तिचा कडूपणा जिभेवर राहतो आणि लागर पाण्यासारखी लागते. दोन ग्लासांच्या मध्ये पाण्याचा घोट आणि साधा ब्रेड घ्या, मसाल्याचं काही नको. पण उघड्यावर या क्रमाला एक अपवाद आहे. ट्रे उन्हात येत असेल तर सगळ्यांत फिकट आणि हॉप्सवाल्या आधी संपवा, स्टाउट थांबू शकते.

माश्यांसाठी पुठ्ठ्याचा कोस्टर ग्लासावर ठेवा, जर्मनीत तो त्यासाठीही देतात. फुंकर मारू नका, श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने त्या चवताळतात. हात झटकू नका. गोड राडलरचा ग्लास टेबलाच्या टोकाला ठेवा, बहुतेक माश्या तिकडे जातात. कॅनमधून कधीही थेट पिऊ नका, आत गेलेली माशी दिसत नाही आणि घशात दंश झाला तर सूज येऊन श्वास अडकतो. तसं झालंच तर बर्फ चोखायला द्या आणि ताबडतोब ११२ ला फोन करा.